केसांचा दाखला

‘विद्यार्थ्यांचे केस नैसर्गिक काळ्या रंगाचे असावेत.’ भाचीच्या ज्युनिअर कॉलेजच्या माहितीपत्रकात हे वाक्य मोबाइलबंदीच्या खाली आणि फाटक्या जीन्सच्या वर छापलं आहे. माझ्यासारखीनं आता काय करावं? माझे केस जन्मापासून तांबूस. सावलीत तपकिरी वाटतात, पण वरळी सी-फेसवर चारच्या उन्हात उभी राहिले की चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखे दिसतात. नैसर्गिक ठेवले तर ते काळे नाहीत आणि काळे केले तर नैसर्गिक नाहीत. कुठल्याही बाजूनं पाळायला गेलं तरी हा नियम माझ्याकडून मोडतोच.

नियमाच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळेच काही मूर्ख नाहीत. तेव्हा आधी त्यांचं म्हणणं ऐकून घेऊ.

पहिलं म्हणणं असं, की आपल्याकडच्या माणसाचे केस काळेच असतात; वेगळे दिसले म्हणजे रंगवलेले. मी नव्वदच्या दशकात बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीतून कॉलेजला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गेटवरच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला, माझ्या वेणीचं टोक त्यात धरलं आणि खसाखसा चोळलं. रुमाल कोराच राहिला. मागे रांग थांबलेली, कुणीतरी ‘ए मक्याचं कणीस’ म्हणून ओरडलं. मॅडम म्हणाल्या, ‘उद्या आईला घेऊन ये.’ आई आली ती पुरावा घेऊन आली. लालबागच्या स्टुडिओत काढलेला माझा पहिल्या वाढदिवसाचा फोटो. फोटो कृष्णधवल! मॅडमनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाल्या, ‘यात तर काळेच दिसतायत.’

केसांचा रंग मुख्यतः दोन रंगद्रव्यांच्या प्रमाणावर ठरतो. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबडं-पिवळं. सोळाव्या गुणसूत्रावरचा एमसी-वन-आर हा जनुक नीट काम करत नसला की पेशी दुसरं द्रव्य जास्त बनवते. लाल केसांशी असलेलं त्याचं नातं ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलं. काळ्या केसांच्या आईबापांच्या पोटी लाल केसांचं मूल येऊ शकतं, कारण बहुतेक वेळा दोघांकडून एकेक बदललेली प्रत यावी लागते आणि एका प्रतीचा गाजावाजा होत नाही. जगात अशी माणसं शंभरात एक-दोन. स्कॉटलंड-आयर्लंडकडे साधारण दहात एक. आपल्याकडे फारच विरळ, आणि इथल्या तांबूसपणाची कारणंही निरनिराळी असू शकतात. माझ्या बाबतीत कुठलं, ते मी तपासून घेतलेलं नाही. घेणारही नाही. वर्गात बसायला जनुकाचा रिपोर्ट लागावा, इतकी मी अजून शिकलेली नाही.

पण शास्त्रासाठी परदेशात जायचीही गरज नव्हती. आमच्या चाळीतून चालत जाण्याच्या अंतरावर, अ‍ॅनी बेझंट रोडवर, पोदार आयुर्वेद महाविद्यालय आहे, 1941 पासून. तिथं शिकवली जाणारी चरकसंहिता पित्तप्रकृतीच्या माणसाचं वर्णन करताना केस मऊ, विरळ आणि कपिल, म्हणजे तांबूस-पिंगट असतात असं सांगते. असे केस लवकर पिकतात, टक्कलही लवकर पडतं, हेही सांगते (दुसरं अजून व्हायचंय). म्हणजे चरकानं हे प्रकृतीत घातलं, विकृतीत नाही. इतक्या जुन्या वैद्याला जे दिसलं होतं ते आमच्या गेटवर दिसेना.

दुसरं म्हणणं काळजीचं. ‘तेल लावत नाहीस वाटतं?’ किंवा हळू आवाजात, ‘घरी जेवायला नीट मिळतं ना?’ हे सांगणारी माणसं वाईट नव्हती. आमच्या गॅलरीतल्या मावश्या दर रविवारी आईला नवं तेल सुचवायच्या. माका, जास्वंद, कढीपत्ता, सगळं माझ्या डोक्यावरून गेलं आणि उशीचे अभ्रे तेवढे काळे झाले. या शंकेत तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. प्रथिनांच्या तीव्र कुपोषणात मुलाचे काळे केस खरोखरच तांबूस होतात. पण ते केस पातळ होतात, निस्तेज होतात, ओढले की सहज हातात येतात. मधे काही महिने पोटभर अन्न मिळालं तर त्याच केसावर काळा-तांबडा-काळा असे पट्टे उमटतात. मुलाच्या भुकेचा हिशेब केसावर लिहिलेला असतो. तसंच कोळीवाड्यातल्या पोरांचं. दिवसभर ऊन आणि खारं पाणी लागून त्यांच्या केसांची टोकं भुरी होतात, मुळं काळीच राहतात. डोळे उघडे ठेवून पाहिलं तर हे सगळं एका नजरेत वेगळं ओळखू येतं. आणि एखादं पोर खरोखर उपाशी असेल तर त्याला गेटवर अडवायचं की कॅन्टीनमध्ये न्यायचं?

तिसरं म्हणणं उघडपणे क्वचितच मांडलं जातं, आणि सगळ्यात जास्त छळतं तेच. ‘कोकणस्थ का गं?’ कॉलेजात हा प्रश्न मला प्राध्यापकांनी विचारला, मैत्रिणींच्या आयांनी विचारला, एनएसएसच्या शिबिरात ओळख होऊन पाच मिनिटं न झालेल्या मुलानं ‘कोब्रा आहेस ना?’ असं विचारलं. मी आडनाव सांगायचे. मग एक छोटी शांतता. मग, ‘अगं मग हे केस कुठून आले?’ या ‘कुठून’मध्ये काय भरलेलं असतं ते न कळण्याइतकी सतरा वर्षांची मुलगी भोळी नसते. घाऱ्या डोळ्यांचा, पिंगट केसांचा ब्राह्मण असला तर ती त्याच्या कुळाची शोभा. तेच गिरणी कामगाराच्या मुलीकडे असले तर तिच्या आजीच्या चारित्र्याची चौकशी. फिरंगी, बोटीवरचे, साहेब, सगळे आमच्या घराण्यात येऊन गेल्याची कुजबुज मी ऐकली आहे.

ही खोड आजची नाही. पतंजलीनं महाभाष्यात गोरेपणाबरोबर कपिल केस हीसुद्धा ब्राह्मणाची एक खूण म्हणून नोंदवली आहे. मनुस्मृती मात्र कपिल कन्येशी लग्न करू नये म्हणते, आणि टीकाकार त्याचा अर्थ तांबूस केसांची असा लावतात. तेच केस त्याच्या डोक्यावर प्रतिष्ठा आणि तिच्या डोक्यावर खोट! विसाव्या शतकात याच खोडीला प्रयोगशाळा मिळाली. ऑयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञानं केसांच्या नमुन्यांची एक पेटी तयार केली होती; माणसाच्या केसाशेजारी नमुना धरायचा, क्रमांक लिहायचा आणि वंश ठरवायला घ्यायचा. पुढे नाझी राजवटीत या विद्येचं काय झालं ते जगानं पाहिलं. याच फिशरच्या हाताखाली बर्लिनला जाऊन आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी कवट्या मोजल्या. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला होता तोही चित्पावनांवर, म्हणजे कोकणस्थांवरच. गोऱ्या वंशाची कवटी वेगळी निघेल ही फिशरची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापात तसं काही निघालं नाही आणि त्यांनी ते तसंच लिहून दिलं. हा किस्सा कॉलेजांमध्ये पहिल्या दिवशी सांगायला हवा, मोबाइलबंदीच्या आधी.

‘फिरंगी रक्त’वाल्यांना सॉलोमन बेटं दाखवावीत. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर गडद काळ्या वर्णाची माणसं राहतात आणि त्यांच्यात पाच ते दहा टक्क्यांचे केस चक्क सोनेरी असतात. बरीच वर्षं लोक खात्रीनं सांगत, युरोपातले खलाशी येऊन गेले असणार. 2012 मध्ये जनुक तपासले तेव्हा कळलं की हा बदल वेगळाच आहे, युरोपियनांच्या सोनेरी केसांशी त्याचा संबंध नाही. खलाशी निर्दोष सुटले. केसांवर गावाचा पत्ता लिहिलेला नसतो, जातीचा तर नाहीच नाही.

चौथं म्हणणं, थट्टाच तर असते, एवढं काय मनावर घ्यायचं, उलट लोक पैसे मोजून असे केस करून घेतात. याला फार शब्द खर्च करत नाही. पैसे मोजणारी मुलगी कंटाळली की सलूनमध्ये जाऊन परत काळी होते. मला तीन वर्षं मागच्या बाकावरून प्रत्येक तासाला ‘लाली’ ऐकावं लागलं. आणि हजेरीवेळी ‘प्रॉक्सी’ मारायची सोय वर्गात सगळ्यांना होती, मला सोडून.

आता खरं दमदार म्हणणं. ते शिस्तीचं नाही, गरिबीचं आहे. एक ज्येष्ठ प्राध्यापक मला कळकळीनं म्हणाले होते, की बाई, आमच्याकडे चाळीतली, झोपडपट्टीतली मुलं येतात. केस रंगवायची चढाओढ लागली तर ती फीचे पैसे त्यात घालतील. सगळे सारखे दिसले तर गरीब झाकला जातो. मी स्वतः चाळीतली, त्यामुळे हा मुद्दा मला लगेच उडवून लावता येत नाही. पण गेटवर जरा उभं राहून पाहा, कोण पकडलं जातं. कोळीवाड्यातला किंवा जांबोरी मैदानाजवळचा मुलगा गल्लीतल्या सलूनमध्ये ब्लीच मारतो. काळ्या केसावर ते ब्लीच अर्धवट चढतं आणि केस नारिंगी होतात. शंभर पावलांवरून दिसतात. तो अडकतो. महागड्या सलूनमधून मधाळ तपकिरी ‘ग्लोबल कलर’ करून आलेली मुलगी मॅडमना गुड मॉर्निंग म्हणून आत जाते, कारण तिचा रंग ‘नैसर्गिक’ वाटतो. हा नियम गरिबाला झाकत नाही, शोधून काढतो.

आणि शिस्त म्हणाल तर स्टाफरूममध्ये चला. पन्नाशी ओलांडलेल्या किती सरांचे केस तुळतुळीत काळे आहेत ते मोजा. आपल्या देशात केसांना लावला जाणारा सगळ्यात लाडका कृत्रिम रंग काळा आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्याच्या पुड्यांची माळ लटकलेली असते. त्या रंगाला कुठल्या गेटवर कुणी ओला रुमाल लावलाय?

इथपर्यंत माझ्या बाजूची माणसं माझ्याबरोबर असतील. ‘बरोबर आहे, हिचे केस खरे आहेत, हिला सोडायलाच हवं’ असं ती म्हणतील. तिथंच माझं त्यांच्याशी भांडण आहे. ‘माझे खरे आहेत हो’ हा बचाव मी कॉलेजभर केला आणि तो बचावच मला आज लाजिरवाणा वाटतो असं नाही, तर तो निरुपयोगी आहे असं माझं मत आहे. खरे-खोटे ठरवायचं म्हटलं की तपासणारा आला. तपासणारा आला की रुमाल आला, फोटो आला, दाखला आला. जपानमध्ये हे शेवटच्या टोकाला गेलंय. तिथं अनेक शाळा जन्मतः तपकिरी केस असलेल्या मुलांकडून तसा दाखला घेत, काही ठिकाणी लहानपणीचे फोटो मागत. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी शाळेनं, आपले केस जन्मतः तपकिरी आहेत असं सांगणाऱ्या मुलीला पुन्हा पुन्हा ते काळे करायला लावले. तिच्या म्हणण्याप्रमाणे डोक्याच्या कातडीला इजा झाली, ती शाळेत येईनाशी झाली. 2017 मध्ये तिनं दावा लावला. 2021 मध्ये न्यायालयानं तिला 3 लाख 30 हजार येन भरपाई दिली, पण ती वर्गातलं तिचं नाव आणि बाक काढून टाकल्याबद्दल. केसांचा नियम मात्र वाजवी ठरवला! टोकियोच्या महानगर शाळांनी 2022 मध्ये केस काळे करायला लावणारे नियम रद्दच केले. सूट मागून नियम टिकतो. सूट मिळालेला माणूस नियमाची जाहिरातच करतो.

मीसुद्धा शेवटी दाखल्याला कंटाळून सोपा मार्ग धरला. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी दहा रुपयांच्या आत येणारी काळी पुडी वाटीत कालवली आणि टूथब्रशनं केसांना लावली. त्या दिवशी मी पहिल्यांदा केस रंगवले, म्हणजे पहिल्यांदा खरोखर नियम मोडला, आणि त्या दिवसापासून मला कुणी अडवलं नाही. महिन्याभरात भांगात तांबडी रेघ वर आली. वर्गातल्या मुली विचारायला लागल्या, फक्त मुळंच कशी गं रंगवतेस?

तेव्हा माझी मागणी जन्मतः तांबड्या केसांना सवलत द्या अशी नाही. ब्लीच मारून नारिंगी झालेला तो मुलगा आणि मी एकाच रांगेत उभे आहोत. डोक्यावरचा रंग आईबापांनी दिला की सलूनवाल्यानं, हे कॉलेजनं विचारायचं कारण नाही. केसांबद्दल नियम हवेच असतील तर ज्यांना कारण आहे ते ठेवा: केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बर्नरजवळ केस बांधलेले हवेत, वर्कशॉपमध्ये मशीनपासून लांब हवेत. ते सगळ्यांना लागू करा, सरांनाही. रंगाचं वाक्य पुढच्या जूनच्या माहितीपत्रकातून काढून टाका.

यावर एक ठरलेला प्रश्न येतो, तो मला परवाच एका पालकसभेत आला. ‘मग उद्या कुणी हिरवे केस करून आला तर?’ येऊ दे. हजेरी लावा त्याची, आणि मागच्या आठवड्याचं जर्नल सबमिट केलंय का ते विचारा.