विश्लेषण : ऑफर लेटरवर ‘कन्सल्टंट’, पण काम नेमके कोणते?

हिंगोली, वसमत, कळमनुरीहून नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात अभियांत्रिकी शिकायला गेलेल्या मुलांच्या ऑफर लेटरवर आता अनेकदा ‘इंजिनीअर’ऐवजी ‘अ‍ॅनालिस्ट’ किंवा ‘कन्सल्टंट’ हे पद लिहिलेले असते. घरच्यांना कंपनीचे नाव मोठे वाटते, पण मुलगा किंवा मुलगी तिथे नेमके काय करणार, हे कळत नाही. या एका शब्दाखाली किमान पाच वेगवेगळ्या नोकऱ्या येतात. पहिली निवड चुकली तर नंतर वाट बदलणे अशक्य नसते, पण शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर ते महाग पडते.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

सल्लागार क्षेत्रात गेल्या काही वर्षांत दोन बदल झाले. पहिला बदल नोकऱ्यांच्या शाश्वतीचा. मार्च २०२३ मध्ये अ‍ॅक्सेंचरने जगभरातील सुमारे १९ हजार पदे कमी करण्याची घोषणा केली. मोठे नाव म्हणजे पक्की नोकरी, हे समीकरण त्यानंतर पहिल्यासारखे राहिले नाही.

दुसरा बदल कृत्रिम बुद्धिमत्तेचा. माहिती गोळा करणे, तक्ते बनवणे, अहवालाचा पहिला मसुदा लिहिणे ही नवख्यांची पारंपरिक कामे यंत्राकडे सरकत आहेत. त्याचा धोकाही दिसला. ऑस्ट्रेलिया सरकारसाठी केलेल्या एका अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आढळल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइटच्या तेथील शाखेने शुल्काचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. हा अहवाल तयार करताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाला होता. त्यामुळे मसुदा झटपट तयार करणाऱ्यापेक्षा त्यातील चूक ओळखणाऱ्याची किंमत पुढे वाढेल. चूक ओळखायची तर विषय मुळातून माहीत हवा. तो कोणत्या फर्ममध्ये शिकायला मिळतो, हा निवडीचा गाभा आहे.

फर्मचे प्रकार कोणते?

समजा, ‘हिंगोलीच्या हळदीला जास्त भाव कसा मिळेल?’ हा एकच प्रश्न पाच प्रकारच्या फर्मना दिला.

१. स्ट्रॅटेजी फर्म : मॅकिन्झी (स्थापना १९२६), बीसीजी (१९६३) आणि बेन (१९७३) ही यातील मोठी नावे. हळद पावडर विकायची की अर्क, कोणत्या देशात विकायची, गुंतवणूक कुठे करायची, हे त्या सांगतील. छोटा चमू काही आठवडे किंवा काही महिने काम करतो आणि थेट वरिष्ठांपुढे सादरीकरण करतो. नवख्याला व्यवसायाकडे वरून पाहण्याची सवय लागते. मात्र सल्ला अमलात आला की नाही, हे पाहायला तो अनेकदा तिथे नसतो. ठरावीक काळात बढती मिळाली नाही तर बाहेर पडण्याची पद्धतही याच गटात रुजली.

२. ‘बिग फोर’ : डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी. या लेखापरीक्षणातून वाढल्या. हळद प्रक्रिया केंद्राचा सविस्तर प्रकल्प अहवाल, निविदेची कागदपत्रे, अनुदानाचा हिशेब आणि कामावरील देखरेख हे त्यांचे बलस्थान. ज्या कंपनीचे लेखापरीक्षण करायचे, तिलाच व्यवस्थापन सेवा विकण्यास कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ ने मनाई केली आहे. म्हणून या फर्ममध्ये लेखापरीक्षण आणि सल्ला यांच्यात भिंत असते. नाव एकच असले तरी दोन विभागांतील नोकऱ्या पूर्ण वेगळ्या असतात.

३. तंत्रज्ञान सल्लागार : अ‍ॅक्सेंचर, कॅपजेमिनी, तसेच टीसीएस आणि इन्फोसिसचे सल्ला विभाग. बाजार समितीतील आवक, लिलाव आणि पैशांची नोंद एका प्रणालीत आणणे किंवा शेतापासून निर्यातदारापर्यंत मालाचा माग ठेवणे हे त्यांचे उत्तर असेल. प्रकल्प महिनोन्‌महिने चालतात. अभियंत्याचे शिक्षण इथे थेट उपयोगी पडते. पण ‘कन्सल्टंट’ हे पद मिळूनही प्रत्यक्षात चाचणी किंवा देखभालीचे काम वाट्याला येऊ शकते.

४. एका क्षेत्रातील विशेषज्ञ : उदाहरणार्थ, १९८३ मध्ये सुरू झालेली आणि पुण्यात कार्यालय असलेली झेडएस ही फर्म प्रामुख्याने औषधनिर्माण क्षेत्रात काम करते. अशी फर्म हळदीकडे कुरकुमिनच्या चष्म्यातून पाहील : ते कोण विकत घेते, किती शुद्धतेचे आणि कशासाठी? इथे ज्ञान लवकर खोल होते, पण क्षेत्र बदलणे तितके सोपे नसते.

५. विकास क्षेत्रातील सल्लागार : डालबर्ग, सत्त्व यांसारख्या संस्था. शेतकरी उत्पादक कंपनी स्वतः माल साठवून, प्रतवारी करून विकू शकेल का, हा त्यांचा प्रश्न असेल. पैसे अनेकदा देणगीदार संस्था किंवा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून येतात. गावपातळीवर काम करता येते, पगार मात्र साधारणपणे स्ट्रॅटेजी फर्मपेक्षा कमी असतो.

थोडक्यात, बिल कोण भरतो यावर काम ठरते. मोठ्या कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी, सरकारी खाते आणि देणगीदार संस्था यांच्या अपेक्षा एकसारख्या नसतात.

कोणते दार कोणासाठी उघडे आहे?

स्ट्रॅटेजी फर्म प्रामुख्याने आयआयटी, आयआयएम आणि आयएसबीसारख्या मोजक्या संस्थांतून भरती करतात. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील किंवा मराठवाड्यातील खासगी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्यांचे दार पदवीनंतर लगेच उघडणे कठीण असते. तंत्रज्ञान सल्लागार आणि ‘बिग फोर’ची जागतिक सेवा केंद्रे तुलनेने जास्त महाविद्यालयांत पोहोचतात.

इथे एक बारकावा आहे. हैदराबाद, बंगळूर किंवा गुरुग्राममधील सेवा केंद्र परदेशी कार्यालयांसाठी काम करते. त्याच फर्मचे भारतीय सल्ला कार्यालय देशातील ग्राहकांसाठी काम करते. ब्रँड एकच, पण ग्राहकाशी भेट, कामाच्या वेळा आणि बढतीची शिडी वेगळी. एकातून दुसऱ्यात जाणे आपोआप होत नाही.

जिल्ह्यात राहून हे काम करता येते का?

येते, पण वेगळ्या रूपात. २०१८ पासून राबवलेल्या, जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जाचे पाठबळ असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत हिंगोली होता. शेतमालाच्या मूल्यसाखळीसाठी ‘स्मार्ट’ प्रकल्प आहे. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. मोठ्या सरकारी योजनांमध्ये प्रकल्प व्यवस्थापन कक्ष, म्हणजे ‘पीएमयू’ असतो. त्यात थेट कंत्राटी किंवा बाहेरच्या फर्ममार्फत माणसे घेतली जातात.

सल्लागार निवडताना सरकार गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देऊ शकते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार या पद्धतीत दराखेरीज इतर निकषांना जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येते. निविदेत प्रमुख तज्ज्ञांच्या पदवीला आणि अनुभवाच्या वर्षांना गुण असतात. त्यामुळे नवख्याला जागा मिळते ती बहुधा कनिष्ठ सहायकाची. कंत्राट संपले की जागाही संपू शकते. याउलट, तहसील ते मंत्रालय फाइल कशी फिरते, योजना कुठे अडते, हे इथे जितके कळते तितके काचेच्या इमारतीत कळत नाही. हाच अनुभव थोड्या काळासाठी हवा असेल, तर २१ ते २६ वयोगटासाठीची राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप हा आणखी एक पर्याय आहे.

होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

– नियुक्तीपत्र कोणाच्या नावाने आहे : फर्मच्या, सेवा केंद्राच्या की मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्या कंपनीच्या?
– गेल्या वर्षी रुजू झालेल्यांना प्रत्यक्षात कोणते काम मिळाले? हे एचआरपेक्षा महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना विचारणे बरे.
– प्रकल्प नसताना, म्हणजे ‘बेंच’वर असताना काय होते?
– सांगितलेल्या पॅकेजमध्ये दरमहा हाती येणारी रक्कम किती आणि बोनस किती?
– बाँड आहे का? मुदतीआधी सोडल्यास किती पैसे भरावे लागतील?

मग निवड कशी करावी?

घरावर कर्ज असेल आणि पहिल्या महिन्यापासून हप्ता भरायचा असेल, तर तंत्रज्ञान सल्लागार किंवा सेवा केंद्रातील कायम नोकरी अधिक सुरक्षित ठरते. दोन-तीन वर्षांनी एमबीए करायचे असेल, तर जिथे स्वतःच्या कामाचा परिणाम आकड्यांत दाखवता येईल अशी जागा निवडावी. शेती किंवा प्रशासनात काम करायचे पक्के असेल, तर पीएमयू किंवा विकास क्षेत्र योग्य, पण कंत्राटाची मुदत पाहूनच. दोन ऑफर हाती असतील तर नावापेक्षा पहिल्या दोन वर्षांत कोणता विषय पक्का शिकायला मिळेल, हे आधी तपासावे. फर्म बदलली तरी तो विषय सोबत येतो.