दोष गार पाण्याचा नाही

बाळंतपणानंतर काही महिन्यांत बोटांचे सांधे सुजले, सकाळी मूठ वळेनाशी झाली, की अमरावती-अकोल्याकडच्या घरांत कारण तयार असते: बाळंतिणीने गार पाण्यात हात घातला, वारे लागले, वात शिरला. यातले निरीक्षण अस्सल आहे. त्याला अडाणीपणा म्हणून झटकणारे शिकलेले लोकच इथे चुकतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात गरोदरपणी अनेकींना सुसह्य होतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो. अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी 1930 च्या दशकात हेच टिपले. त्या शोधातून कॉर्टिझोनचे औषध आले आणि 1950 चे नोबेलही. खोटे आहे ते कारण. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही केवळ गर्भाशयाची संप्रेरके, हा समज सोडला की खऱ्या कारणाचा एक मोठा धागा दिसू लागतो. हा संधिवात रोगप्रतिकारक पेशी स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होतो, आणि त्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राही असतात. गरोदरपणातली त्याची भरपूर पातळी दाह पेटवणारी रसायने आवरते आणि लगाम धरणाऱ्या टी-पेशींना बळ देते. बाळंत होताच ती पातळी कोसळते आणि आवरलेला दाह मोकळा सुटतो. गार पाण्याचा त्यात काही हात नसतो.

आक्षेप येईल की स्त्री-पुरुषांच्या आजारांतला फरक राहणीमानातून येतो, संप्रेरकांतून नाही. दाखला कोरोनाचाच घेऊ. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्याची दुसरी लाट याच पट्ट्यात आधी उसळली, 22 तारखेपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. आणि या साथीत जगभर पुरुष अधिक दगावले. पुरुष तंबाखूचा खर्रा खातात, बिडी ओढतात, बाहेर फिरतात, दुखणे अंगावर काढतात, हे सारे खरे. पण 2003 च्या सार्स विषाणूची लागण उंदरांना केली तेव्हाही नर अधिक मेले, आणि माद्यांचे बीजकोश काढल्यावर किंवा इस्ट्रोजेनचे काम औषधाने अडवल्यावर त्यांचेही मृत्यू वाढले. उंदीर खर्रा खात नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ल्युपस या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या आजाराच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका असतात, त्यामागे एक्स गुणसूत्रावरची जनुकेही आहेत. मान्य. मात्र दम्याकडे पाहा. लहानपणी तो मुलांत जास्त, वयात आल्यावर बायकांत जास्त. गुणसूत्रे तीच राहतात, बदलतात ती संप्रेरके. टेस्टोस्टेरॉन फुप्फुसातल्या ॲलर्जी भडकवणाऱ्या पेशींना दाबते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या वाटत सुटावे असे मुळीच नाही. तेच इस्ट्रोजेन बी-पेशींना चेतवते. लशीनंतर बायकांत प्रतिपिंडे बहुधा अधिक बनतात, आणि ल्युपसमध्ये हीच तत्परता स्वतःच्या शरीरावर उलटते. मग बायकांच्या या दुखण्यांना शरीराचा दुबळेपणा कसे म्हणायचे?

अमरावतीत बाळंतपणाला डफरीन आणि बाकी दुखण्यांना इर्विन, अकोल्यात लेडी हार्डिंग आणि सर्वोपचार, ही विभागणी सोयीची आहे. आपल्या डोक्यातली तशीच विभागणी मात्र घातक आहे. सांधे, दमा, दीर्घ ताप यांच्या तपासणीत शेवटचे बाळंतपण कधी झाले, पाळी कधी गेली, हे विचारलेच पाहिजे. आणि सुनेच्या बोटांची सूज, सकाळचा तासभराचा ताठरपणा काही आठवडे टिकला, तर शेक-मालिशीवर दिवस काढू नका. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात झीज झालेला सांधा पूर्ववत होत नाही. तिला दवाखान्यात न्या आणि बाळंतपणाची तारीख डॉक्टरांना आपण होऊन सांगा.