पॉलिसी पालकांची, जोखीम कोणाची?

मिरा-भाईंदरसारख्या शहरात घरची एकुलती मोटार बहुधा वडिलांच्या किंवा आईच्या नावावर नोंदलेली असते, आणि नुकताच परवाना हाती पडलेला मुलगा किंवा मुलगी तीच गाडी घेऊन काशिमिरा नाक्यावरून महामार्गाला किंवा सुट्टीच्या दिवशी उत्तनच्या रस्त्याला लागते. या गाडीच्या विम्याविषयी समाजात दोन परस्परविरोधी समजुती रूढ आहेत. पॉलिसी वडिलांच्या नावावर असल्यामुळे मुलगा चालवत असताना अपघात झाला तर दावा मंजूर होत नाही, ही पहिली; आणि गाडीचा विमा उतरवलेला आहे, तेव्हा कोणीही चालवली तरी चिंता नाही, ही दुसरी. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांच्या गोंधळात खरी उणीव कुठे आहे हा प्रश्न बाजूलाच राहतो.

पहिली समजूत कायद्याच्या मूळ रचनेशीच विसंगत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला तृतीय पक्ष विमा, म्हणजे अपघातात सापडलेल्या त्रयस्थ व्यक्तीला भरपाई मिळावी म्हणून उतरवलेला विमा, हा वाहनाच्या वापराशी जोडलेला आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीतील चालकविषयक कलमानुसार विमाधारकासह वैध परवाना असलेली आणि परवान्यासाठी अपात्र न ठरलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ३ चे पालन होत असेल, म्हणजे गाडीवर ‘एल’ अक्षराची पाटी असेल आणि गाडी थांबवता येईल अशा जागी परवानाधारक प्रशिक्षक शेजारी बसलेला असेल, तर शिकाऊ परवानाधारकालाही हे संरक्षण मिळते. याउलट ब्रिटनमध्ये विम्याचा हप्ता चालकाच्या वयावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याने, प्रत्यक्षात मुलगा नेहमी चालवत असलेल्या गाडीचा मुख्य चालक म्हणून पालकाचे नाव देणे ही तिथे फसवणूक ठरते. भारतात तृतीय पक्ष विम्याचा हप्ता सरकार ठरवते आणि तो खासगी मोटारीच्या बाबतीत इंजिनाच्या क्षमतेनुसार आकारला जातो; १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये आणि १,५०० सीसीपेक्षा मोठ्या मोटारीला ७,८९७ रुपये हप्ता ठरला, मग ती विशीतला तरुण चालवो की साठीतले आजोबा. तरीही निव्वळ भीतीपोटी काही कुटुंबे दाव्याच्या अर्जात ‘गाडी वडीलच चालवत होते’ असे लिहितात, आणि पोलिसांच्या पंचनाम्यात मुलाचे नाव निघाले की मुळात योग्य असलेला दावा त्या खोट्या विधानामुळे धोक्यात येतो.

दुसरी समजूत याहून घातक आहे. चालकाकडे वैध परवाना नसेल आणि मालकाने हे जाणूनबुजून होऊ दिले असेल, तर विमा कंपनीने पीडिताला आधी भरपाई द्यावी व ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात दृढ केले. म्हणजे अखेरीस घर विकण्याची वेळ पालकांवरच येऊ शकते. चालक अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी असून गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणारी मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनाही अटक झाली. अशा प्रसंगी फौजदारी जबाबदारी कोणतीही पॉलिसी उचलत नाही.

मात्र परवाना वैध आहे, चालक सज्ञान आहे, हप्ता वेळेवर भरलेला आहे, अशा निर्दोष स्थितीतही एक व्यक्ती असुरक्षित राहते, आणि ती म्हणजे गाडी चालवणारे मूल स्वतः. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा निकालात असे ठरवले की मालकाकडून वाहन मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून त्या वाहनाच्या विम्याखाली तो तृतीय पक्ष ठरत नाही. २०२० च्या रामखिलाडी निकालात हीच भूमिका कायम राहिली आणि वाहन मागून घेतलेल्या मृत चालकाच्या वारसांना पॉलिसीतील वैयक्तिक अपघात संरक्षणापुरते, म्हणजे केवळ एक लाख रुपये मिळाले. आज सक्तीचे असलेले १५ लाखांचे मालक-चालक अपघात संरक्षण भरघोस वाटते, परंतु त्याच्या अटींनुसार लाभार्थी हा गाडीचा नोंदणीकृत मालक, पॉलिसीतील विमाधारक आणि परवानाधारक असा तिन्ही असावा लागतो. वडिलांच्या गाडीचे सुकाणू हाती असलेला मुलगा या अटींत बसत नाही. ज्याच्यासाठी पालक सर्वाधिक काळजी करतात, त्याच्याच जिवाला आणि हातापायांना या पॉलिसीचा भक्कम आधार नाही.

यावर कोणी म्हणेल की मग परदेशाप्रमाणे चालकाच्या वयानुसारच विमा असावा. हा उपाय भारतीय परिस्थितीत उलटा पडेल, कारण घोडबंदर रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला आपल्याला धडकणारी गाडी कोण चालवणार हे निवडता येत नाही, आणि चालक बदलला म्हणून त्याचा भरपाईचा हक्क वादात सापडणे हा त्याच्यावर अन्याय होईल. वाहनाशी जोडलेला विमा हेच न्याय्य तत्त्व आहे. त्यात राहिलेली उणीव भरून काढण्याचे काम कुटुंबाचे आहे.

म्हणून पालकांनी गाडी मुलाच्या हाती देण्यापूर्वी त्याचा परवाना पाहावा, गाडीचा विमा केवळ तृतीय पक्षापुरता आहे की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसह सर्वसमावेशक आहे हे तपासावे, आणि मुलाच्या स्वतःच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. वडिलांच्या पॉलिसीवर मुलाने गाडी चालवण्यात गैर काही नाही. त्या पॉलिसीने मुलाचाही विमा उतरला असे मानणे मात्र गैर आहे.