विकार, भावना आणि 'फीलिंग्ज'

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले की एक विसंगती चटकन ध्यानात येते. 'ग्लोबलायझेशन', 'इन्फ्रास्ट्रक्चर' असे अवजड शब्द तो सहज वापरतो. पण मनात काय चालले आहे ते सांगायची वेळ आली की 'हॅपी', 'सॅड', 'अँग्री' आणि 'टेन्शन' एवढीच पुंजी त्याच्यापाशी उरते. साहित्याच्या वर्गात ही चणचण अधिकच जाणवते. हॅम्लेट 'सॅड' असतो, ऑथेल्लो 'अँग्री' असतो, आणि उत्तरपत्रिका तिथेच संपते. यावर संभाषणवर्गांपासून मोबाइलवरच्या ॲपपर्यंत सर्वत्र एकच उपाय सुचवला जातो: यादी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज दहा पाठ करा. आमच्या मते या उपायाने रोग बरा होत नाही, फक्त झाकला जातो.

भावनांचे शब्द फळाफुलांच्या नावांसारखे नसतात. आंबा दाखवून 'मँगो' शिकवता येतो. मत्सर तसा टेबलावर ठेवता येत नाही. 'जेलसी' हाच शब्द घेऊ. यादी त्यापुढे 'मत्सर' लिहून मोकळी होते. मग ऑथेल्लोला मत्सरी म्हणायचे काय? दुसऱ्याचे बरे पाहून जळणे म्हणजे मत्सर, आणि ते दुखणे तर इयागोचे आहे. जे आपले आहे ते तिसराच कोणी हिरावून नेतो आहे, या भयाने ऑथेल्लो पोखरला जातो. घरगुती मराठीत अशा माणसाला आपण 'संशयी नवरा' म्हणतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' लिहिले, आणि त्यांचे 'संशयकल्लोळ' १९१६ साली रंगभूमीवर आले. या दुसऱ्या नाटकातला सारा गोंधळ इंग्रजीत 'जेलसी'च्या खात्यावर जमा झाला असता. मराठीत त्याला नाव मिळाले संशयाचे. इंग्रजी शब्द मनाच्या जळण्यावर बोट ठेवतो, मराठी शब्द त्यामागच्या शंकेखोर बुद्धीवर. हा फरक ज्याला जाणवला त्याच्या हाती नाटकाचे एक दार उघडले. ज्याने 'जेलसी म्हणजे मत्सर' पाठ केले, त्याला ते दार तिथे आहे हेच कळत नाही.

उलट दिशेनेही हेच घडते. आपली 'लाज' इंग्रजीत जाताना फुटते. नव्या नवरीची लाज 'शायनेस' होते, चारचौघांत फजिती झाल्याची लाज 'एम्बॅरसमेंट', आणि दुष्कृत्याची लाज 'शेम'. पण मराठीत या छटा नाहीत असे मुळीच नव्हे. संकोचणे, ओशाळणे, वरमणे, खजील होणे, शरमणे हे सगळे आपलेच आहे. ज्या विद्यार्थ्याला ओशाळणे आणि शरमणे यांतला भेद ठाऊक आहे, त्याला 'एम्बॅरसमेंट' आणि 'शेम' यांतला भेद सांगायला पाच मिनिटे पुरतात. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला शंभर शब्दांची यादीही पुरत नाही. म्हणजे ज्याला आपण इंग्रजीचे दारिद्र्य म्हणतो, ते बऱ्याचदा आधी मराठीचे असते.

शब्दांइतकीच वाक्याची घडण महत्त्वाची. मला राग येतो, मला भीती वाटते, मला आनंद होतो: या वाक्यांत 'मी' कर्ता नाही. भावना येते, वाटते, होते. माणूस चतुर्थीत उभा राहून तिला सामोरा जातो. इंग्रजीत मात्र 'आय ॲम अँग्री', म्हणजे राग हे 'मी'चे विशेषण झाले. अर्थात 'मी रागावलो', 'मी घाबरलो' हीही मराठीच आहे. तेव्हा एवढ्या आधारावर दोन समाजांच्या मनोवृत्तीविषयी सिद्धांत मांडणे घाईचे ठरेल. पण शिकणाऱ्याची अडचण खरी आहे. तो 'अँगर इज कमिंग टु मी' असे लिहितो आणि शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढतात. रेघ योग्यच, पण ते वाक्य मूर्खपणातून नव्हे, मराठीच्या एका सुबक घडणीतून आले आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. तीच घडण उसन्या शब्दांनाही वळण लावते. 'मला टेन्शन आलं', 'मला गिल्टी वाटतं' यांत शब्द परका, चाल मात्र मराठी.

शिवाय या शब्दांना वय असते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली केलेल्या हॅम्लेटच्या भाषांतराचे नाव 'विकारविलसित'. विकार म्हणजे मनाचा क्षोभ. आज हाच शब्द प्रामुख्याने 'हृदयविकार', 'त्वचाविकार' अशा दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसतो. इंग्रजीची कथा निराळी नाही. 'पॅशन' या शब्दाने एके काळी यातना सांगितल्या. आज तो नोकरीच्या अर्जात मिरवतो. 'इमोशन' हा शब्द आजच्या व्यापक अर्थाने रुळला तो १९व्या शतकात. 'एम्पथी' तर १९०९ साली मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी एका जर्मन संज्ञेसाठी घडवला. म्हणजे इंग्रजीलाही भावनांचे शब्द बाहेरून शिकावे लागले. हॅम्लेटच्या 'मेलँकली'चा संबंध शेक्सपीअरच्या काळी शरीरातील काळ्या पित्ताशी जोडला जाई. तिथे 'डिप्रेशन' लिहिणारा विद्यार्थी चारशे वर्षे एका उडीत ओलांडतो. 'भाव म्हणजे इमोशन' हे समीकरणही तसेच. नाट्यशास्त्राच्या ३३ व्यभिचारी भावांत श्रम, निद्रा आणि मरणही आहेत. त्यांना 'इमोशन' कोण म्हणेल?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. इंग्रजी शब्दांनी मराठी माणसाची जीभ मोकळीही केली आहे. 'वेड लागले' या शब्दांच्या धाकाने जे घर गप्प राहिले असते, ते 'डिप्रेशन' म्हणून डॉक्टरांकडे जाऊ शकते. आईबापांपुढे 'माझं चुकलं' म्हणताना अडखळणारा मुलगा 'सॉरी' म्हणून जातो. परक्या भाषेत शब्दाचा चटका कमी बसतो, म्हणूनच अवघड ते त्या भाषेत बोलता येते. हे आम्हांला मान्य आहे. परंतु चटका कमी बसण्याची किंमतही असते. काळजी, धास्ती, घोर, हुरहूर, तगमग, दडपण हे सारे एका 'टेन्शन'मध्ये बुडते, तेव्हा माणसाला बोलता येते, पण नेमके काय होते आहे ते सांगता येत नाही. मुलगी परगावी निघाल्याची हुरहूर आणि कर्जाच्या हप्त्याचा घोर यांवर एकच औषध कसे चालेल?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा दोन भाषांतले भावनांचे शब्द आता वर्गात शेजारी शेजारी वाढतात. त्यांना एकमेकांची ओळख करून देणे हे शिक्षकाचे काम आहे. त्यासाठी मोठी योजना नको. एकेका शब्दाऐवजी शब्दांची कुटुंबे शिकवावीत. शब्द प्रसंगासह आणि पुऱ्या वाक्यासह द्यावा. उताऱ्यातील पात्राला काय वाटते हे आधी नेमक्या मराठीत लिहवून घ्यावे, मग इंग्रजीत, आणि जे इंग्रजीत जात नाही त्यावर चर्चा करावी. जे जात नाही तेच बहुधा शिकवण्याजोगे असते.

आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. उलट, हॅम्लेटला 'सॅड' म्हणून मोकळे होण्यात इंग्रजीचाच अधिक अपमान आहे असे आम्ही मानतो. दुसऱ्या भाषेत आपले मन सांगायचे तर आधी ते आपल्या भाषेत ओळखता आले पाहिजे. ती ओळख करून देण्याचे काम यादीवर सोपवून साहित्याच्या शिक्षकाला बाजूला होता येणार नाही.