म्हादईचे पाणी आणि तिचे रान

खानापूर तालुक्यात भीमगडच्या दाट रानात म्हादई उगम पावते. घाट उतरून ती सत्तरीत जाते आणि पुढे मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. त्याच डोंगरात, कणकुंबीला, मलप्रभा जन्मते. पण ती पूर्वेची वाट धरते. नविलतीर्थाच्या धरणात अडते ती हीच. एका रानाचा पाऊस असा दोन समुद्रांकडे वाटला जातो.

वाटणीचे भांडण आपणां सर्वांना ठाऊक आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ व महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी कळसा व भंडुरा या नाल्यांतून मलप्रभेत वळवायचे आहे. हुबळी-धारवाडची तहान खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तिकडचा शेतकरीही आपलाच भाऊ. पण पाणी वळविण्यासाठी रान तोडायचे, हा हिशेब आम्हांला पटत नाही.

आपले शेतकरी हे पुस्तकाविना जाणतात. रानातला पाऊस पालापाचोळ्यावर पडतो, सावकाश मुरतो आणि झऱ्यांतून उन्हाळ्यापर्यंत पुरतो. उघड्या डोंगरावरचा पाऊस माती घेऊन दोन दिवसांत निघून जातो. मग मलप्रभेलाही मे महिन्यात काय उरेल? खाली गोव्यात गोडे पाणी घटले की भरतीचे खारे पाणी नदीत अधिक वर चढते. काठच्या विहिरी व कुळागरे यांना त्याचा धोका.

रान विसकटले की रोगही जवळ येतात. माकडतापाचे रोगी २०१५ पासून सत्तरीत आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो. काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घाला. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, ते चांगलेच झाले. मात्र आमगाव, गवाळी, कोंगळा येथील माणसे त्याआधीपासून तेथे राहतात. पावसाळ्यात तेथला आजारी माणूस आजही डोलीतून न्यावा लागतो. वाघासाठी नियम आहेत, पाण्यासाठी लवाद आहे. या गावांना हलवायचे असेल तर त्यांच्या राजीखुशीने, आणि आधी जमीन हातात देऊन हलवा. तोवर निदान ओढ्यांवर साकव तरी बांधा. खानापूरच्या आमच्या बंधूंनी येत्या ग्रामसभेत ही मागणी लेखी द्यावी.