मुलगा कमावता झाला, विमा कुठे गेला?

वीस-बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा दवाखान्याची पायरी चढतो ती बहुधा दोन कारणांनी. एक तर तो मोटारसायकलवरून पडलेला असतो, नाहीतर महिनाभराचा खोकला अंगावर काढून अखेर थकलेला असतो. ‘विमा आहे का रे?’ असे विचारले की तो हसतो. विमा म्हाताऱ्यांसाठी किंवा सरकारी नोकरांसाठी, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या मते मात्र डहाणू-तलासरीतल्या या वयाच्या कमावत्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, आणि नेमका तोच त्यातून सुटून जातो.

नियमांत वयाची रेघ ओढलेली असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याचे लग्न होईपर्यंत, किंवा तो कमवू लागेपर्यंत धरला जातो. यांतले जे आधी घडेल ते. कामगारांच्या राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, वडिलांवर अवलंबून असलेला मुलगा शिकत असेल तर 21 वर्षांपर्यंत. अमेरिकेने 2010 च्या कायद्याने ही रेघ 26 वर नेली आणि लग्नाची अटही ठेवली नाही. आपल्याकडेही तसे करावे असे अधूनमधून वाचनात येते. करावे, चांगलेच आहे. पण धाकटी डहाणूच्या खलाशाच्या किंवा उधव्याच्या भातशेतकऱ्याच्या मुलाला त्याचा काय उपयोग? बापाकडेच पॉलिसी नाही, तर मुलाने कोणाच्या छत्रीखाली उभे राहायचे? त्याला स्वतःची छत्री हवी.

20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यातल्या कारखान्यांवर मर्यादा आली. चिकूच्या वाड्या आणि जंगल त्यामुळे काही प्रमाणात वाचले, याचा मला आनंदच आहे. मात्र पोरांना पोटासाठी बाहेर पडावे लागते. कोणी बोईसर-तारापूरला जातो, कोणी हद्द ओलांडून उंबरगाव, सरीगाम, वापीला. बहुतेक जण ठेकेदाराकडे लागतात. पहाटे निघायचे, रात्री महामार्गावरून परत यायचे.

आता सरकारी योजना पाहू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार करून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपये झाली. वयाची अट नाही. ही मोठीच गोष्ट आहे, तिला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. परंतु ही योजना खाटेवर पडलेल्या रुग्णाची आहे. बाहेरून तपासून घरी जाणाऱ्याला तिचा फारसा आधार नाही, आणि बुडालेल्या मजुरीशी तर तिचा संबंधच नाही.

क्षयाचे उदाहरण घ्या. औषधे फुकट आहेत. आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 ऐवजी 1,000 रुपये मिळू लागले. तरीही विशीतला रुग्ण दोन महिन्यांनी बरे वाटू लागताच गोळ्या टाकून कामावर पळतो, कारण घरात तोच कमावता. गोळ्या अर्धवट सोडल्या की उलटलेला क्षय पूर्वीपेक्षा चिवट असतो. आपण त्याला बेजबाबदार म्हणतो, पण घरची चूल कशावर पेटणार, हे त्याला कोणी सांगत नाही.

या प्रश्नाचे उत्तर ईएसआयमध्ये आहे, आणि तेच आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ही योजना लागू होते. ठेकेदाराचा कामगारही तिच्यात येतो. जानेवारी 2017 मध्ये पगाराची मर्यादा 21 हजार झाली. 2019 पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के कापले जातात. दहा हजार पगारावर कामगाराचे जेमतेम 75 रुपये. त्याबदल्यात स्वतःवर आणि घरच्यांवर उपचार, साधा ताप-खोकलाही त्यात आला. सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरली असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार. क्षयासारख्या दीर्घ आजारात, नोकरीच्या अटी पुऱ्या केलेल्याला, 80 टक्के पगार दोन वर्षांपर्यंत. कामावर हात सापडला तर बरे होईपर्यंत 90 टक्के, आणि त्याला किती दिवस भरले याची अट नाही. 2010 च्या दुरुस्तीने घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही यात आणला. महामार्गावर रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्या आपल्या पोरांसाठी ही तरतूद सोन्याच्या मोलाची आहे. ही केंद्राची योजना असल्यामुळे कारखाना गुजरातेत आणि घर महाराष्ट्रात, ही अडचणही नाही.

अडचण ठेकेदाराच्या वहीत आहे. कोणी नावच चढवत नाही. कोणी पैसे कापतो पण क्रमांक देत नाही. कोणी दर चार महिन्यांनी नाव बदलून नवा माणूस दाखवतो, म्हणजे दिवस भरायलाच नकोत. तपासणी करणाऱ्यांनी पालघर आणि वलसाड दोन्ही जिल्ह्यांत एकाच आठवड्यात वह्या उघडाव्यात. इकडची तपासणी चुकवायला ठेकेदार तिकडे सरकतो, हे त्यांनाही माहीत असावे.

चिंचणी-वरोरकडची डायची कामे आणि डहाणूतले फुग्यांचे छोटे कारखाने यांतल्या अनेक ठिकाणी दहा माणसे नसतात, म्हणून ते बाहेर राहतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा मालकालाही कामगारांच्या संमतीने योजनेत येता येते. मात्र सव्वातीन टक्के स्वखुशीने देणारे मालक किती निघतील? माझे मत विचाराल तर छोट्या कारखान्यांतल्या पंचवीस वर्षांखालच्या कामगारांसाठी मालकाचा हा वाटा पहिली तीन वर्षे शासनाने भरावा. वर्गणीची सवय तेव्हाच लागेल.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिल्या पगाराच्या वेळी दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या आणि घरी भिंतीवर लिहून ठेवा. आयुष्मान कार्डासाठी नाव यादीत आहे का, तेही पाहा. ते कार्ड वापी किंवा सिल्वासातल्या योजनेतल्या रुग्णालयांतही चालते, आणि रात्री-अपरात्री आपण धावतो ते बहुधा तिकडेच.