कापूस गेला, चुंबक आलं नाही

हल्ली पेपरात एक शब्द रोज वाचतो. पुरवठा साखळी. विजेवरच्या गाड्यांची पुरवठा साखळी मजबूत झाली पाहिजे असं मंत्री म्हणतात, कारखानदार म्हणतात, बँकवाले म्हणतात. मोठ्या हॉटेलात परिषदा भरतात, ठराव होतात, जेवणं होतात. साखळी म्हटलं की त्या लोकांच्या डोळ्यापुढं नकाशा येतो. आपल्या डोळ्यापुढं काय येतं ते मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, चळवळीच्या पोरांना गाडीच्या मोटारीशी काय देणंघेणं? तुम्ही अत्याचारावर लिहा, नामांतरावर लिहा, कविता करा. भावांनो, देणंघेणं आहे. ती मोटार ज्या खोक्यातून येते ते खोकं गोदीत मी उचलतो.

आधी साखळी कुठं तुटली ते बघू. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर बंधनं घातली. समॅरियम, टर्बियम, डिस्प्रोशियम वगैरे. ही नावं शाळेत तक्त्याच्या तळाला होती, परीक्षेला नाहीत म्हणून मास्तरांनी सोडून दिलेली. विजेच्या गाडीच्या मोटारीत बसतं ते चुंबक नियोडिमियमचं. मोटार तापली तरी त्याचा जोर जाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोशियम नाहीतर टर्बियम घालतात. त्या चिमटीसाठी बजाजला चेतक स्कूटरचं उत्पादन २०२५ च्या जुलै-ऑगस्टात कापावं लागलं. जगातली अशी दहातली नऊ चुंबकं चीनमध्ये बनतात. मग केंद्र सरकार जागं झालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली.

बॅटरीचंही तेच. लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीतून निघतं, कोबाल्ट बहुतेक सगळं काँगोतून, आणि शुद्ध करण्याची भट्टी चीनमध्ये. कोल्वेझीच्या आसपास काळी माणसं, त्यात पोरंही, हाताने बोगदे खणून कोबाल्ट काढतात. इकडं मे २०२१ मध्ये सरकारने बॅटरीचे सेल बनवायला १८,१०० कोटी जाहीर केले, ५० गिगावॅट-तासांचे कारखाने उभे राहायचे होते. मुदतीत उभं राहिलं ते अगदी थोडं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियम खनिजाचा अंदाज निघाला तेव्हा पेपरांनी ढोल बडवले. लिलाव काढला तर पुरेसे बोलीवाले आले नाहीत.

परिषदा इथपर्यंत बोलतात आणि थांबतात. मला पुढं जायचंय. हे दुर्मिळ धातू केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहेत, ओरिसाच्या किनाऱ्यावर आहेत. त्यासाठी १९५० पासून सरकारची कंपनी आहे. म्हणजे वाळू आपली आणि चुंबक परक्याचं. हे मी माझ्या गावात सांगितलं तर कुणी तोंडात बोट घालणार नाही. आमच्याकडं कापसाचं हेच झालं.

माझं गाव वडनेर भोलजी. बुलढाणा जिल्हा, नांदुरा तालुका. मलकापूर-नांदुऱ्याच्या हमरस्त्यावर. या रस्त्याला पूर्वी सहा नंबर म्हणायचे, आता त्रेपन्न. गुजरातच्या हजिऱ्यापासून ओरिसाच्या पारादीपपर्यंत जातो, एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत. गावातून माल जातो, गावात थांबत नाही. आमची आजी रस्त्याच्या कडेला बसून ट्रक मोजायची. मी तिला सांगितलं, आता विजेवर चालनाऱ्या गाड्या येनार. ती म्हणाली, "येऊ दे ना बाप्पा. आपल्याले काय लागते त्यात?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, गुलामांच्या प्रश्नावरून. दक्षिणेची बंदरं कोंडली गेली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. आजच्या भाषेत, साखळी तुटली. गोऱ्या साहेबाने काय केलं? वऱ्हाड १८५३ पासून त्याच्या हातात होतंच. त्याने जीआयपी रेल्वे भुसावळवरून मलकापूर, नांदुरा, अकोला करत १८६७ ला नागपूरपर्यंत नेली. कापसावर देखरेखीला वेगळा कमिशनर बसवला. जलंबपासून खामगावला फाटा टाकला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. खामगावला व्हाइसरॉय! कुणाच्या प्रेमाने? गठ्ठ्यांच्या. तुटलेली साखळी दहा वर्षांच्या आत सांधली, यापेक्षा मजबूत पुरवठा साखळी कुणी बांधून दाखवावी. कापूस शेतातून निघाला की सुसाट मुंबईच्या धक्क्यावर.

आणि वऱ्हाडात काय उरलं? वेचणी उरली. ती आजही किलोवर आहे, आमच्या आयाबहिणी आजही ओटीत कापूस वेचतात आणि संध्याकाळी काट्याकडं बघतात.

यात एक गोष्ट आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनासुद्धा माहीत नसते. वऱ्हाड-नागपूरकडं जाडंभरडं कापड विणणारे पुष्कळ महारच होते. गावकी करायची, मेलेली ढोरं ओढायची, आणि घरी मागही चालवायचा. विलायती सूत आलं, कापड आलं, माग बसले. पुढं पोटासाठी आपली माणसं गिरण्यांत शिरली. पण मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात, जिथं पगार बरा होता, अस्पृश्याला घेत नव्हते. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आपल्या थुंकीने सवर्ण कामगार बाटायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं मांडला, तेव्हा त्यांना बोलावं लागलं. ज्यांच्या घरात माग होता त्यांना विणखात्यात मज्जाव! साखळीत जात कुठं बसते ते इथं दिसतं. खालच्या कडीला आपण, शेवटच्या कडीला आपण, आणि मधल्या कडीला, जिथं कसब आहे आणि पैसा आहे, तिथं दार बंद.

आता विजेच्या गाडीकडं या. बॅटरीचा कंटेनर उघडला की खोक्यावर तिरका पांढरा चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात काळे उभे पट्टे, खाली बॅटऱ्यांचं चित्र आणि नऊचा आकडा. नववा वर्ग, म्हणजे धोक्याचा माल. लिथियमची बॅटरी ठेचली की आतून तापते. पेटली की सहजी विझत नाही. विझली असं वाटतं आणि तासाभराने परत पेटते. मला हे ठेकेदाराने सांगितलेलं नाही. इंग्रजी चिठ्ठ्या वाचत वाचत मी शिकलो. माझ्या टोळीतल्या चौघांना इंग्रजी येत नाही, त्यांना खोकं फक्त जड की हलकं एवढं कळतं. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ 'फ्रीमँटल हायवे' नावाचं जहाज पेटलं. तीन हजारांवर गाड्या होत्या, त्यात पाचशेच्या आसपास विजेवरच्या. मेला तो एक भारतीय खलाशी. आग विजेच्या गाडीनेच लागली असं मी म्हणत नाही. मेला कोण, एवढंच सांगतो.

१९४८ च्या कायद्याने गोदी कामगाराचं नाव नोंदवहीत आलं होतं. मग कंटेनर आले, नवी बंदरं आली, आणि नावं नोंदवहीतून ठेकेदाराच्या डायरीत गेली. हीच गंमत आता एसटीत चाललीय. १ जून २०२२ ला पुणे-नगर विजेची 'शिवाई' निघाली, १९४८ ला याच दिवशी याच रस्त्यावर पहिली एसटी निघाली होती म्हणून. चांगली गोष्ट. वडनेरच्या माणसाची मोटार म्हणजे एसटीच. पुढं ५,१५० विजेच्या बस भाड्याने घ्यायचा करार झाला आणि मे २०२५ पर्यंत त्यातल्या फारच थोड्या आल्या, साखळी तुटली ती अशी. ओरड झाली ती बस आल्या नाहीत म्हणून. भाड्याच्या बसवर ड्रायव्हर कंपनीचा असतो, एसटीचा नसतो, यावर ओरड झाली नाही. एसटीच्या भरतीत राखीव जागा असते. कंपनीच्या भरतीत कुठली असते? विजेच्या नावाखाली आरक्षण गुपचूप डेपोबाहेर उतरवून ठेवलं, आणि आपले आमदार हिरवा झेंडा दाखवायला रांगेत उभे.

आता शेवटची कडी. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. पुढं गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढणंही टाकलं, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. आज ई-रिक्षातल्या बॅटऱ्या बहुतेक शिशाच्या आहेत, वर्ष-दीड वर्षात मरतात. मेल्यावर कुणाच्या दारात येतात? भंगारवाला किलोवर घेतो. शहराच्या कडेला कुठंतरी पत्र्याच्या आडोशाला पोरं हातोड्याने खोकं फोडतात, तेजाब गटारात ओततात, शिसं कढईत वितळवतात. शिसं लहान पोराच्या रक्तात गेलं की त्याचं डोकं कायमचं मंद होतं. २०२२ चे नियम म्हणतात की ज्याने बॅटरी विकली त्याने ती परत घ्यायची आणि नीट मोडायची. नियम दिल्लीत, कढई इथं. ढोर ओढायचं आपण सोडलं, तर ढोराने रूप बदललं.

यातली मेख पुढं आहे. लिथियमची बॅटरी मोडली की काळी भुकटी निघते, आणि पुष्कळ बॅटऱ्यांच्या भुकटीत कोबाल्ट, निकेल असतं. काँगोत जाऊन खणायचं तेच भंगाराच्या ढिगात मिळतं. आज तो ढीग आपल्या पोरांच्या अंगावर आहे कारण त्याला वास येतो. उद्या त्याला खाण म्हणतील, मग मालक येतील, कुंपण येईल, आणि आत जायला पदवी लागेल.

काही साथी म्हणतात, हे सगळं भांडवलदारांचं थोतांड आहे, गाडीच नको. मला पटत नाही. पुलाखाली आणि रस्त्याकडेला राहणारा माणूस डिझेलचा धूर आधी गिळतो. गाडी विजेवर चालली तर पहिला श्वास आपलाच मोकळा होईल. आणि वीज ही आपल्याला परकी नाही. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, विजेचं खातं त्यांच्याकडं होतं. वीज स्वस्त आणि भरपूर पाहिजे, कारण तिच्याशिवाय कारखाने नाहीत आणि कारखान्यांशिवाय गरिबाची सुटका नाही, असा त्यांचा हिशेब होता. १९४४ ला केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्या काळात उभं राहिलं. धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः खाली उतरले. १९४७ च्या निवेदनात मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असं त्यांनी लिहून ठेवलं. जयंतीच्या मिरवणुकीत हे पान कुणी उघडत नाही, च्यायला, डीजेच्या आवाजात वाचणार तरी कसं.

म्हणून आपलं मागणं गाडी बंद करा असं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या धोरणात विजेच्या कारला अटल सेतूवर आणि समृद्धीवर टोलमाफी दिली. कारवाल्याला टोलमाफी मिळते, तर बॅटरी फोडणाऱ्याला हातमोजा का मिळत नाही? ज्या कारखान्याला अनुदान, त्याच्या हजेरीपटावर ठेक्याची नव्हे, कायमची नावं पाहिजेत आणि त्यात राखीव जागा पाहिजेत. नांदुरा, मलकापूर, खामगावच्या आयटीआयमध्ये बॅटरी जुळवणं, मोटार बांधणं, बॅटरी मोडणं शिकवा, पुण्यातच कशाला? आणि मोडणीची परवानगी भंगार वेचणाऱ्यांच्या सोसायट्यांना द्या, कुंपण पडायच्या आत.

हे मंत्रालयात मांडायचं तर आपल्याजवळ आकडे पाहिजेत, आणि ते सरकारजवळ नाहीत. तेव्हा गोदीत, गोदामात, बस डेपोत, चाकणच्या ठेक्यावर, भंगाराच्या गल्लीत जो कोणी हा अंक वाचतोय त्याने साध्या कागदावर लिहून पाठवावं. रोज किती मिळतो, पावती मिळते का, हातात काय घालायला देतात, खोक्यावर काय लिहिलेलं असतं, कुणी भाजलं का. नाव नको असेल तर घालू नका. पुढच्या अंकाची आठ पानं त्यासाठी मोकळी ठेवलीत, माझी कविता त्या अंकात नसली तरी चालेल. जयभीम.